जुन्नर-आंबेगावच्या समाचाराला

जुन्नरला जाणाऱ्या मंडळींचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग शिवनेरी चढणाऱ्यांचा. १६३० साली जिजाबाईंच्या पोटी महाराज जेथे जन्मले, ती जागा डोळे भरून पाहायची, शिवाईला हात जोडायचे आणि खाली उतरून ऊसाचा रस प्यायचा, असा यांचा कार्यक्रम असतो. दुसरा वर्ग अष्टविनायकवाल्यांचा. लेण्याद्री आणि ओझर ही दोन ठाणी एका दमात उरकून संध्याकाळच्या आत पुढचा गणपती गाठण्याची यांना भारी घाई. तिसरा वर्ग अलीकडचा; पाऊस पडू लागला, की नाणेघाट आणि माळशेजच्या धुक्यात भिजायला जाणाऱ्यांचा.

यंदा चैत्र सरता सरता आम्ही त्या बाजूला गेलो, ते या तिन्ही वर्गांत न बसणाऱ्या कामासाठी. काम आमचे नव्हतेच. आमच्या एका स्नेह्यांचे होते. त्यांचेही म्हणता येणार नाही, कारण ते त्यांना एका आजारी म्हाताऱ्याने सांगितले होते. पण ते यथावकाश.

आधी या स्नेह्यांविषयी सांगितले पाहिजे. हे मराठी ख्रिस्ती, मूळचे नगर जिल्ह्यातले. एका मिशन रुग्णालयात वीसबावीस वर्षे त्यांनी चॅपलिन म्हणून नोकरी केली. आता निवृत्तीनंतर पुण्यात असाध्य रोग्यांच्या एका शुश्रूषाकेंद्रात ते आठवड्यातून चार दिवस जातात. डॉक्टर नव्हेत, परिचारक नव्हेत, समुपदेशकही नव्हेत. मग तेथे करतात काय, असे कोणी विचारले तर ते म्हणतात, "बसतो."

चॅपलिन हा शब्द आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. त्याची जन्मकथा मात्र ऐकण्यासारखी आहे. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता. कडाक्याच्या थंडीत वेशीजवळ कुडकुडत बसलेला भिकारी त्याने पाहिला आणि तलवारीने आपला झगा मधोमध कापून अर्धा त्याच्या अंगावर घातला. पुढे हा मार्टिन संतपदाला पोचला. त्या झग्याला लॅटिनमध्ये 'कॅपेला' म्हणत, आणि तो जतन करून ठेवणाऱ्या धर्मोपदेशकांना त्यावरून नाव पडले. म्हणजे चॅपलिन हा मुळात अर्ध्या झग्याचा राखणदार. धनगराच्या घोंगडीत वाढलेल्या आपल्या मुलखाला ही कल्पना समजायला अवघड नाही.

पुढे सैन्यात, तुरुंगांत आणि रुग्णालयांत असे लोक नेमण्याचा पाश्चात्त्य देशांत प्रघात पडला. इंग्लंडमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हापासून तेथील रुग्णालयांत चॅपलिन नेमलेले आहेत. आज त्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, आणि कोणताच धर्म न मानणारेही आहेत. अमेरिकेत या कामाचे शिक्षण पद्धतशीर सुरू झाले, ते अँटन बॉइसन या गृहस्थांमुळे. हे स्वतः १९२० साली मनोरुग्णालयात होते. बरे होऊन बाहेर आल्यावर त्यांना वाटले, की धर्मोपदेशकाने पुस्तके वाचावीत तशी दुःखात सापडलेली माणसेही वाचायला शिकावीत. म्हणून १९२५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर येथील मनोरुग्णालयात त्यांनी ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णांजवळ आणून बसविले.

आपल्या महाराष्ट्रात ही रीत मिशनच्या दवाखान्यांतून आली. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, त्या काळापासून औषधाबरोबर प्रार्थनाही तेथल्या दिनक्रमात असे. परंतु एरवी आपल्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी असतो, परिचारिका असतात, औषधे देणारा असतो. नुसते बसायला नेमलेला माणूस नसतो. ते काम आपण आजवर घरच्यांवर, शेजाऱ्यांवर आणि भजनीमंडळावर सोपविले आहे. आणि त्यासाठी मराठीने एक फार हुशार शब्द योजला आहे. समाचार. आपण आजाऱ्याचा समाचार घ्यायला जातो, आणि कोणाला फैलावर घेतले तरी त्याचा 'चांगला समाचार घेतला' असेच म्हणतो. आमचे स्नेही म्हणतात, "रुग्णालयात येणारे निम्मे लोक पहिल्या अर्थाने येतात आणि दुसऱ्या अर्थाने घेऊन जातात. 'तरी सांगत होतो, तंबाखू सोडा!' हा समाचार झाला का?"

अशा गप्पा करीत आम्ही पुणे-नाशिक रस्त्याला लागलो. चाकण, राजगुरुनगर, मंचर अशी गावे मागे पडली. मंचरच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस, कांदा आणि टोमॅटो यांची शेते लागतात. ही सारी कुकडी आणि घोड या नद्यांवरच्या धरणांची कृपा. याच ऊसात आता बिबट्याही नांदतो, आणि जुन्नरजवळ माणिकडोहला पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. पाण्याने या मुलखाला दिले पुष्कळ. घेतले काय, ते दुसऱ्या दिवशी पाहायचे होते.

नारायणगावाला चहा झाला. हे गाव तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. याच गावात मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. आडगावच्या, पैशांवाचून अडलेल्या लोकांची नेत्रसेवा हे त्याचे काम. ते उभारणाऱ्या डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. बाकावर डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेल्या पाचसहा म्हाताऱ्या ओळीने बसल्या होत्या. आमचे स्नेही त्यांच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. "हे दुखणे बरे," ते म्हणाले. "पट्टी सोडली की जग परत मिळते. आमच्याकडे येणाऱ्यांना जग परत द्यायचे नसते, त्याचा निरोप घेऊ द्यायचा असतो."

आळेफाट्यावरून आम्ही आळे गावाला वळलो. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा परतीच्या वाटेवर येथे देह ठेवता झाला आणि त्याला समाधी दिली गेली, अशी परंपरा सांगते. रेड्याची समाधी असलेले हे देऊळ पाहून शहरी माणसाला प्रथम गंमत वाटते. स्नेह्यांना तसे वाटले नाही. घशाच्या कर्करोगाने वाचा गेलेले रुग्ण त्यांनी पुष्कळ पाहिले आहेत. "माणूस बोलेनासा झाला, की भोवतालचे लोक त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू लागतात. जणू तो खोलीत नाहीच. मी पाटी-पेन्सिल देतो. एका मास्तरांनी तीन दिवस काही लिहिले नाही. चौथ्या दिवशी लिहिले, 'पंखा कमी करा.' घरचे लोक रामरक्षा म्हणत होते आणि गृहस्थ थंडीने काकडत होते! मुक्याच्या पोटातही काही आहे, एवढे ज्याने ओळखले त्याच्या परंपरेत रेड्याला समाधी मिळणारच."

तेथून ओतूर. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे. श्रावणी सोमवारी येथे तांदळाच्या पिंडी रचतात आणि त्या पाहायला मोठी यात्रा भरते. त्याच परिसरात बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. तुकोबांना माघ शुद्ध दशमीला स्वप्नात गुरूपदेश झाला, तो यांचाच, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. देवळाच्या ओवरीत दोघे म्हातारे हरिपाठाची जुनी पोथी उघडून बसले होते.

तेथे सावलीत बसल्यावर आम्ही स्नेह्यांना त्यांच्या कामाची पद्धत विचारली. ती इतकी साधी निघाली, की वाचकांनी घरी वापरावी म्हणून येथे देतो.

ते खाटेशी उभे राहत नाहीत. स्टूल ओढून अशा बेताने बसतात, की रोग्याला मान वर करावी लागू नये. 'कसे आहात?' असे विचारीत नाहीत, कारण त्याला 'बरं आहे' हे एकच उत्तर असते. 'रात्र कशी गेली?' असे विचारतात. देवाचे नाव आपण होऊन काढीत नाहीत. रोगी कोणत्या वाटेने चालत आला, ते आधी पाहतात. कोणाला हरिपाठ हवा असतो, कोणासाठी मशिदीतल्या मौलवींना दूरध्वनी करावा लागतो. एकाला फक्त क्रिकेटचे समालोचन ऐकायचे होते. एका बाईंना सोळा वर्षे न बोललेला धाकटा भाऊ हवा होता. तो आला, दोघे काही न बोलता तास-दीड तास बसले, आणि बाईंनी त्याला आपल्या ताटातली जिलबी दिली.

"आणि खोटे बोलत नाही," ते म्हणाले. "हे सर्वांत अवघड."

ते अवघड का, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. घरातल्या वडीलधाऱ्याला कर्करोग झाला, की आपण पहिली गोष्ट करतो ती डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगण्याची, 'बाबांना कळू देऊ नका.' हेतू प्रेमाचाच असतो. पण बाबांना ते बहुतेक वेळा कळलेले असते. मुलांना वाईट वाटू नये म्हणून तेही न कळल्याचे सोंग घेतात. मग एकाच खोलीत बाप आणि मुले आपापली नाटके वठवीत बसतात, आणि जे बोलायचे ते राहून जाते: कोणाचे देणे आहे, कोणाची माफी मागायची आहे, आईकडे कोण पाहील. आमचे स्नेही नातेवाइकांना एवढेच सांगतात, की आपण होऊन सांगू नका हवे तर. पण त्यांनी सरळ विचारले, तर नाही म्हणू नका. "जो विचारतो, त्याची ऐकायची तयारी झालेली असते."

रात्री जुन्नरला मुक्काम केला आणि सकाळी उन्हे व्हायच्या आत लेण्याद्री चढलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या. गिरिजात्मज ज्या लेण्यात बसला आहे ते मूळचे बौद्ध विहार. मधे मोठे दालन आणि कडेने भिक्षूंच्या निजायच्या लहान खोल्या. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी लेणी शेकड्यांनी आहेत, आणि त्यांतल्या शिलालेखांत कोणी खोली दिली, कोणी पाण्याची पोढी दिली, अशी दात्यांची नावे आहेत; त्यांत यवनही आहेत. नाणेघाटाने कोकणातून चढणाऱ्या व्यापाराचा पैसा येथे दगडात मुरला आहे.

त्या खोल्यांतल्या एका दगडी ओट्याकडे बोट दाखवून स्नेही म्हणाले, "येथे कोणी तरी आजारी पडलेच असेल." मग त्यांनी विनयपिटकातली गोष्ट सांगितली. अतिसाराने एक भिक्षू स्वतःच्या घाणीत पडला होता आणि बाकीचे भिक्षू त्याच्याकडे पाहीनात. बुद्ध आनंदाला घेऊन तेथे आले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजविले. मग बुद्धांनी सर्वांना जमवून सांगितले, की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची करावी. एका ख्रिस्ती गृहस्थाने गणपतीच्या दारात बुद्धाची गोष्ट सांगावी, आणि ती आम्ही कोकणस्थांनी ऐकावी, हे जुन्नरलाच शोभते.

जुन्नरहून घोडेगावकडे जाणारा रस्ता धरला आणि आम्ही आंबेगाव तालुक्यात शिरलो. तालुक्याचे नाव आंबेगाव, कचेरी घोडेगावात. मग आंबेगाव गाव कोठे आहे? तर पाण्याखाली. घोड नदीवर डिंभ्याला धरण झाले आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिले तेच आजूबाजूच्या वस्त्यांसह बुडाले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवा पडून प्राण देणारा हा गिरणी कामगार याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा.

आता ते काम सांगायला हरकत नाही.

पुण्याच्या शुश्रूषाकेंद्रात एक महादेव कोळी म्हातारा दाखल झाला होता. गाव घोडेच्या खोऱ्यातले, धरणात गेलेले. तो तरुणपणीच मुंबईला गेला आणि बाजारात पाठीवर गोण्या वाहून त्याने जन्म काढला. घशाचा कर्करोग, आवाज कुजबुजीइतकाच उरलेला. दुखण्यावर औषध चालू होते, पण हा रात्री दिवा मालवू देईना. दिवा घालवला की घाबरा होई. आमच्या स्नेह्यांना तो 'बुवा' म्हणत असे. पंधरा दिवस नुसते बसण्यात गेल्यावर एका रात्री त्याने सांगितले.

गाव उठले तेव्हा देव वर न्यायचा होता. देव उचलायचा मान याच्या घराचा, आणि घरात वडील हा. त्याने मुंबईहून सांगावा धाडला, 'मी येतो, माझ्यावाचून देवाला हात लावू नका.' आणि तो गेला नाही. हाताशी पैसे नव्हते, मुकादम रजा देईना. मग लाज वाटू लागली, आणि त्या लाजेत वर्षे गेली. देव वर आला की पाण्यातच राहिला, हे विचारायचेही धाडस झाले नाही.

"ज्या तोंडानं शबूद दिला," तो म्हणाला, "त्याच तोंडाला धरलं देवानं."

"मी त्याला सांगू शकलो असतो," स्नेही म्हणाले, "की बाबा, हा तंबाखूने होणारा रोग आहे. पण ते डॉक्टरांनी सांगितलेच होते आणि त्याला ते पटलेही होते. रोग कशाने झाला, हा त्याचा प्रश्नच नव्हता. देवाचे नि माझे बिघडले आहे का, हा होता. इंग्लंडात सिसिली साँडर्स नावाच्या बाई होऊन गेल्या. आधी परिचारिका, मग रुग्णालयात समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनला मरणासन्न रोग्यांसाठी सेंट ख्रिस्तोफर हे घर काढले. त्या म्हणत, दुखणे एकटे शरीराचे नसते. मनाचे, घरच्यांचे आणि आत्म्याचे मिळून एकच दुखणे असते. १९८४ साली जागतिक आरोग्य परिषदेनेही आरोग्याला आध्यात्मिक अंग आहे, असा ठराव केला. हे सारे मला पाठ आहे. पण त्या रात्री त्याला ठराव नको होता. 'बुवा, देव पाण्यात हाय का वर आणलाय, येवढं बघून या,' असे तो म्हणाला."

आम्ही विचारले, "तुम्ही ख्रिस्ती. शेंदराच्या तांदळ्याची चौकशी करायला निघालात, याचे काही वाटत नाही?"

ते म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात गेल्यावर पाहुण्याने आपली चूल मांडू नये."

"आणि देव पाण्यातच राहिला असेल तर?"

यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तर तसे सांगावे लागेल. त्याच्याजवळ बसून सांगेन."

डिंभ्याच्या पुढे रस्ता जलाशयाच्या कडेकडेने वळणे घेत जातो. चैत्र-वैशाखात पाणी उतरलेले असते. तांबड्या मातीचे पट्टे पायऱ्यांसारखे उघडे पडतात आणि जुन्या वस्त्यांच्या खुणा कोठे कोठे वर येतात. डोंगरउतारावर हिरड्याची झाडे. बाळहिरडा गोळा करणे हा येथल्या कोळी-ठाकर कुटुंबांचा हातातोंडाशी गाठ घालणारा उद्योग. अंगणाअंगणांतून तो वाळत पडला होता आणि त्याचा तुरट वास हवेत भरला होता.

विचारीत विचारीत आम्ही त्या वस्तीवर पोचलो. गावाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. पन्नासेक उंबऱ्यांची वस्ती, पाण्याच्या वर डोंगराला चिकटलेली. पहिल्याच घराच्या ओट्यावर हिरडा निवडीत एक म्हातारी बसली होती. आम्हांला पाहून तिने या मुलखात प्रत्येकाला विचारतात तो प्रश्न केला, "कोनाकडचं तुमी?"

स्नेह्यांनी म्हाताऱ्याचे नाव सांगितले. म्हातारीने सुपातला हात थांबविला.

"भावजी हायत व्हय अजून?"

ती त्याच्या चुलतभावाची बायको निघाली. पाणी दिले, गूळ दिला. मग आजार ऐकला, डोळ्याला पदर लावला आणि देवाचे विचारताच चटकन उठून पुढे चालू लागली. वस्तीच्या वर उंबराखाली पत्र्याचा मांडव होता. आत शेंदराने लाल झालेले तीन तांदळे, पुढे नारळाच्या करवंट्या, आणि कालच वाहिलेली चाफ्याची फुले.

"ह्यो काय देव. हितंच तर हाय."

कोणी आणला, हे स्नेह्यांनी विचारले. ती म्हणाली, पाणी चढायला लागले तरी भावजींची वाट पाहिली. मग पुतण्याने उचलला. बारातेरा वर्षांचे पोर, देव छातीशी धरून पाण्याच्या कडेने वर आले. "मान त्यांच्या घराचा, त्यांच्या घरच्यानंच उचलला की. पोर असलं म्हून काय झालं?"

"म्हाताऱ्याला वाटते, तो आला नाही म्हणून देव रागावला," स्नेही म्हणाले.

म्हातारीला ते नीट समजायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "देव काय हजेरी घेतो व्हय?"

हे तिच्याच तोंडून म्हाताऱ्याच्या कानी पडावे, म्हणून स्नेह्यांनी खिशातला मोबाइल काढला. तेथून बोलणे होईल अशी सोय नव्हती. रेंजचे नाव नाही. तेव्हा ध्वनिमुद्रण करायचे ठरले. म्हातारीने पदर सारखा केला, फोनकडे पाहिले, आणि जो तोंडाचा पट्टा सोडला, की आम्ही दोघेही चकित झालो. इतकी वर्षे तोंड दाखविले नाही! थोरल्या जाऊबाई गेल्या तेव्हा आला नाहीत! पुतण्याच्या लग्नाचा सांगावा धाडला, त्याचे उत्तर नाही! दोन मिनिटे भावजींचा असा समाचार घेऊन झाल्यावर तिचा आवाज खाली आला. देव वर आहे, असे तिने सांगितले. पुतण्याने उचलला, हे सांगितले. सणाला तुमच्या घरचा नारळ अजून पहिला फुटतो, हे सांगितले. आणि शेवटी, "खायला-प्यायला जातं का?" असे फोनलाच विचारून उत्तराची वाट पाहत राहिली.

एकाच बोलण्यात समाचाराचे दोन्ही अर्थ आम्ही त्या दिवशी ऐकले.

निघताना तिने पुतण्याचा दूरध्वनी क्रमांक दिला. तो मंचरकडे कामाला होता. आम्ही आणखी आत, माळीणला गेलो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पावसाने सैल झालेला डोंगर या गावावर आला आणि दीडशेवर माणसे गाडली गेली. एस. टी.चा चालक नेहमीच्या फेरीला आला, तेव्हा गावच जागेवर नव्हते. त्यामुळे ही बातमी बाहेर कळली. आता तेथे स्मारक आहे, आणि वाचलेल्यांसाठी आमडे येथे नवी घरे बांधून २०१७ साली ती त्यांच्या स्वाधीन झाली. आम्ही काही वेळ उभे राहिलो. असा आघात झालेल्यांशी काय बोलायचे असते, हे आम्ही विचारले. स्नेही म्हणाले, "'देवाची इच्छा' असे म्हणायचे नसते. ते त्यांनी म्हणावे, आपण नव्हे. आपण गेलेल्या माणसाचे नाव विचारावे. लोक नाव घ्यायचे टाळतात, आणि घरच्यांना तर ते कोणी तरी घ्यावे असे वाटत असते."

पुण्याला परतल्यावर पुढचे आम्हांला स्नेह्यांकडून कळले. म्हाताऱ्याने ते ध्वनिमुद्रण डोळे मिटून ऐकले. वहिनी रागावू लागली तेव्हा त्याला हसू आले आणि हसण्याने ठसका लागला. पुन्हा लावा, म्हणाला. तिसऱ्या खेपेला त्याने 'हजेरी' या शब्दापाशी हाताने थांबवायला सांगितले. मग कुजबुजत विचारले, "पोरानं उचलला?" पुतण्याला निरोप गेला. तो उंबराखालचा अंगारा पुडीत घेऊन आला आणि दोन रात्री खाटेशी राहिला. जन्मात एकदाही न भेटलेल्या त्या चुलत्या-पुतण्यात काय बोलणे झाले, ते स्नेह्यांना माहीत नाही. ते तेव्हा मुद्दाम बाहेरच्या बाकावर बसले होते.

चमत्कार काही झाला नाही. दुखण्यावरचे औषध पूर्वीइतकेच लागत होते, आणि आषाढ लागण्यापूर्वी म्हातारा गेला. फरक एवढाच, की पुतण्या आला त्या रात्रीपासून दिवा चालू ठेवायला सांगणे त्याने बंद केले. हा गुण कशाचा, देवाच्या खुशालीचा की वहिनीच्या रागावण्याचा, असे आम्ही स्नेह्यांना विचारले. ते म्हणाले, "मला कळले असते, तर मी तेवढेच बाटलीत भरून ठेवले नसते का?"

दिवाळीची सुट्टी आहे. वाचकांपैकी कित्येक जण शिवनेरी, लेण्याद्री, ओझर करतील. ती अवश्य करावीत. परंतु एखादा दिवस हाताशी ठेवून जुन्नरहून घोडेगावचा रस्ता धरावा आणि डिंभ्याच्या पाण्याच्या कडेने आत जावे. दिवाळीत जलाशय काठोकाठ असतो. बुडालेले काही दिसत नाही, डोंगर तेवढे पाण्यात उलटे दिसतात. वाटेत उपाहारगृहे फारशी नाहीत, तेव्हा दशम्या बरोबर असाव्यात. वस्तीवर थांबलात, तर ओट्यावरचे कोणी तरी मान वर करून विचारीलच, "कोनाकडचं तुमी?" त्या प्रश्नाला उत्तर काय द्यायचे, ते मात्र आधी ठरवून जावे.